जड पाण्यावर सोडा किती चालतो? घरीच पाहा

बोअरच्या पाण्यात साबण फेसाळत नाही, बादलीत नुसता पांढरा चोथा तरंगतो. अशा पाण्यात धुण्याचा सोडा किती टाकावा, हे अंदाजाने ठरवू नका.

सारख्या 3 बाटल्या घ्या. एकीत पावसाचं किंवा आरओचं अर्धा लिटर पाणी, दुसरीत तेवढंच बोअरचं. तिसरीत बोअरच्याच पाण्यात चिमूटभर सोडा विरघळवून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी पांढरा गाळ दिसेल, तो कॅल्शियम कार्बोनेट. वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्या. आता तिन्हींतलं एकेक पेला पाणी झाकणाच्या बाटलीत घेऊन अंगाच्या साबणाचं पाणी थेंबाथेंबाने टाका आणि हलवा. फेस पाच मिनिटं टिकेपर्यंत किती थेंब लागले ते लिहून ठेवा. डिटर्जंट पावडर इथे वापरू नका, ती जड पाण्यातही फेस देते आणि सगळी परीक्षा फसते.

सोड्याच्या पाण्याचे थेंब पावसाच्या पाण्याजवळ आले, की मात्रा जमली. नाही आले तर दुसऱ्या दिवशी दोन चिमटी. मॅग्नेशियम मात्र थंड पाण्यात सोड्याने नीट बसत नाही, त्यामुळे थोडा फरक उरतोच.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात एक लक्षात ठेवा: सोड्याने जडपणा कमी होतो, खारटपणा नाही. उलट सोडियम वाढतं. हे पाणी कपड्यांपुरतंच. पिऊ नका, फवारणीच्या पंपातही भरू नका. बरीच कीटकनाशकं अल्कधर्मी पाण्यात लवकर निकामी होतात.