लॉन मोवर सुरू होऊन लगेच बंद पडायचा

टिळकवाडीत मामांच्या बंगल्यापुढचं गवत ऐन पावसाळ्यात घोट्याच्या वर गेलं आणि तेव्हाच मोवर रुसला. दोरी ओढली की जरा धडधड, मग गप्प. मामा म्हणाले, "भंगारात घालू या काय रे?"

आधी इंजिन ओळखलं. तेलाला वेगळं झाकण आणि डिपस्टिक, म्हणजे फोर-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही. इंजिनच्या कव्हरवरचा मॉडेल नंबर घासून काढून लिहून घेतला. इंजिनचे पार्ट मागताना हाच लागतो.

पेटून बंद पडतंय म्हणजे ठिणगी आहे, पेट्रोल पुरत नाही. तरी प्लगची वायर आधी काढली, कारण पातं हाताने फिरवलं तरी इंजिन उसळी मारू शकतं. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, खालची वाटी सोडवली. तळाशी पाणी आणि पिवळट चिकटा! हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, आणि बेळगावच्या पावसात ओलाव्याला काय तोटा? या कार्बोरेटरात वाटी धरणारा बोल्टच जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडायचं, काम करतो. त्याच्या बाजूचं सुईएवढं भोक पार बुजलं होतं. क्लीनर मारून वायरमधल्या तांब्याच्या एका तारेने ते मोकळं केलं. पोलादी सुई नको, भोक मोठं होतं.

लगे हात पात्यालाही कानस मारली. त्यासाठी मोवर आडवा करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला हवा, नाहीतर तेल त्यात उतरतं.

ताजं पेट्रोल घातलं, दुसऱ्या ओढीला सुरू. पावसाळा संपला की टाकी रिकामी करून ठेवा, असं मामांना सांगितलंय.