‘सोंग, सोंग!’: शांघायच्या बागेत शिकलेलं छीगोंग

शांघायच्या फूशिंग पार्कमध्ये मार्क्स आणि एंगल्स यांचा भलामोठा दगडी पुतळा आहे. सकाळी सातच्या सुमारास त्या दोघांच्या देखत पंधरा-वीस आजी-आजोबा अगदी सावकाश हात वर नेत असतात. छीगोंग नावाचा हा चिनी व्यायाम. कंपनीच्या कामासाठी पुण्याहून तिथे गेले तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची होते आणि माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. फ्रोझन शोल्डर. केस विंचरायला डावा हात, ब्लाउजचे हूक लावायला नवरा, आणि रात्री त्या कुशीवर वळलं की डोळ्यांपुढे काजवे.

ज्या बाईंनी मला दंडाला धरून रांगेत उभं केलं त्यांना सगळे ‘आयी’ म्हणायचे. चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी. मी सरळ ‘आई’ म्हणायचे. त्यांना फरक कळला नाही, आणि मीही सांगायला गेले नाही. मी भारतातली म्हटल्यावर पहिला प्रश्न ‘यूजिया?’, म्हणजे योग येतो का. शाळेतल्या सूर्यनमस्कारांनंतर काहीही केलेलं नाही हे कबूल करताना देशाची लाज काढल्यासारखं वाटलं.

पुढचे आठ-दहा दिवस आयी माझ्याभोवती फिरत एकच शब्द म्हणत होत्या. खांद्यावर टिचकी: ‘सोंग!’ कपाळावरच्या आठीवर बोट: ‘सोंग!’ मराठी कानाला हे फार लागायचं. वाटायचं, बाईंनी ओळखलंय, येत काही नाही, नुसतं सोंग चाललंय. शेवटी ऑफिसातल्या एका मुलीनं अर्थ सांगितला. सोंग म्हणजे सैल सोड. नवशिक्यानं हा एक शब्द धरला तरी निम्मं काम होतं, म्हणून तो आधी सांगितला.

आता छीगोंग म्हणजे काय ते. छी म्हणजे श्वास, वाफ, प्राण. आपल्या ‘प्राण’सारखाच निसटता शब्द. गोंग म्हणजे मेहनतीनं कमावलेलं कसब. इंग्रजी स्पेलिंग क्यूपासून सुरू होतं म्हणून ‘क्विगाँग’ म्हणू नका, चिनी माणसाला कळणार नाही. शरीर, श्वास आणि मन ही तिन्ही एका लयीत आणायची, एवढाच त्याचा गाभा. प्रकार शेकड्यांनी आहेत. बागेत सर्वांत जास्त दिसतो तो बादुआनजिन, म्हणजे ‘रेशमी कापडाचे आठ तुकडे’. सोंग राजवटीपासून चालत आलेल्या या आठ हालचाली. (हे सोंग वेगळं, तो राजवंश.) छोट्या स्पीकरवर संगीत आणि सूचना लावून सगळं बारा मिनिटांत आटोपतं.

पण आठ हालचालींच्या आधी उभं राहणं आहे, आणि तिथेच माझा महिना गेला. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर, समांतर. आपण बसची वाट पाहताना गुडघे मागे ताठ करून उभे राहतो, तसं नाही; गुडघ्यांचं कुलूप काढायचं, किंचित वाकवायचे. उंच स्टुलाच्या कडेवर टेकतोय असं माकडहाड खाली सोडायचं. हनुवटी जराशी आत, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला. काखा बंद नाहीत, प्रत्येक काखेत एक अंडं आहे, ते फुटूही द्यायचं नाही आणि पडूही द्यायचं नाही. लक्ष बेंबीच्या चार बोटं खाली, त्या जागेला दानतियन म्हणतात. दोन मिनिटांत मांड्या थरथरायला लागतात. मी श्वास रोखून ते थरथरणं दाबायला बघायचे, आणि आयी लगेच: सोंग!

पहिली हालचाल: बोटं गुंफून दोन्ही तळवे आभाळाकडे, गोवर्धन उचलल्यासारखे. हात वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर. माझा डावा हात वर, उजवा खांद्याशीच अडकलेला. मी दात-ओठ खाऊन त्याला वर ढकलायला लागले तर आयींनी हात धरून तो खालीच आणला. त्यांच्या खुणांचं मराठी भाषांतर करायचं तर, रुपयातले बारा आणेच जा. जिथवर जातो त्याच्याही अलीकडे थांबायचं. ताण देऊन हद्द ओलांडायची सवय असलेल्या आपल्याला हे पळपुटेपणाचं वाटतं. खरं तर दुखायला लागलं की स्नायू आकसून घेतो. दुखण्याच्या अलीकडे थांबलं तर तो हळूहळू सोडतो. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी पुढे मला हेच निराळ्या शब्दांत सांगितलं.

बाकीच्या हालचाली थोडक्यात: धनुष्य ओढणं, एक हात वर एक खाली, मागे वळून पाहणं, खाली बसून डोकं आणि पाठ झुलवणं, वाकून पावलांपर्यंत हात, डोळे वटारून मुठी, आणि टाचा उचलून अलगद आपटणं. प्रत्येकीच्या नावातच तिची फलश्रुती जोडलेली. शेवटची म्हणते, सात वेळा टाचा आपटा, शंभर रोग जातील. स्तोत्राच्या शेवटी फलश्रुती असते तशीच ही घ्यायची. आपण अथर्वशीर्ष म्हणतो म्हणून औषधं बंद करत नाही.

हे सांगायचं कारण आहे. व्यायाम फार जुना आहे: छांगशाजवळ मावांगदुई इथल्या, इ. स. पूर्व १६८च्या कबरीत रेशमावर ४४ माणसं असे व्यायाम करताना रंगवलेली सापडली. पण ‘छीगोंग’ हे नाव उपचारासाठी रूढ झालं ते १९५०च्या दशकात. हपै प्रांतात (डॉ. कोटणीसांची समाधी आहे तोच) लियू क्वेइजन नावाच्या कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यानं आपला पोटाचा अल्सर अशा सरावानं बरा झाल्याचं सांगितलं आणि पुढे सरकारी आरोग्यधामं निघाली. सांस्कृतिक क्रांतीत सगळं बंद. १९८०च्या दशकात उलटी लाट आली: हातातून छी सोडून रोग घालवणारे ‘गुरू’, भरलेली स्टेडियम, विश्वशक्ती पकडायला डोक्यावर पातेली घातलेले लोक. १९९९मध्ये फालुन गोंग या छीगोंगमधूनच निघालेल्या पंथावर बंदी आल्यावर सगळ्यावरच नजर कडक झाली, आणि २००३मध्ये क्रीडा खात्याच्या देखरेखीखाली चार प्रमाणित संच आले. बादुआनजिन त्यातलाच एक. चीनमध्ये असाल तर बागेत फालुन गोंगचा विषय काढू नका. मी एकदा काढला आणि सगळे एकदम बुटाच्या नाड्या बांधायला लागले.

म्हणून माझा साधा नियम: हात हलवायला शिकवतो तो शिक्षक, हात न लावता बरं करतो म्हणतो त्याच्याकडून चहासुद्धा घेऊ नका.

मग माझं काय झालं? चौथ्या महिन्यात हात कानाच्या वर गेला, दहाव्यात केस बांधता आले. पण फ्रोझन शोल्डर बहुतेकांचा एक ते तीन वर्षांत आपोआपही सुटतो, शिवाय फिजिओ चालू होतीच. तेव्हा श्रेय कुणाला किती, हे मला सांगता येणार नाही. झोप मात्र पहिल्या महिन्यातच सुधारली आणि एका पायावर उभं राहून सलवार घालता येऊ लागली. बादुआनजिनवर चीनमध्ये अभ्यास बरेच झालेत, पण त्यात एक मूळची अडचण आहे. गोळीऐवजी साखरेची गोळी देता येते. हात वर करणाऱ्याला मात्र आपण हात वर करतोय हे कळतंच. त्यामुळे तोल, झोप, रक्तदाब यांवरच्या दाव्यांकडेही जरा हात राखूनच बघावं.

सुरू करणार असाल तर पहिला आठवडा फक्त उभे राहा, दोन-तीन मिनिटं. मग एकेक हालचाल, आठवड्याला एक. आठही एकदम पाठ करण्याची घाई मी केली होती आणि सगळ्याच चुकीच्या बसल्या. जेवून तासभर झालेला असावा, तळवा पातळ असलेले सपाट बूट किंवा अनवाणी. बीपी किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी सहावी हालचाल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पाचवीत गुडघे कुरकुरले तर अर्धंच बसा. खांदा माझ्यासारखा धरला असेल तर साखर तपासून घ्या, मधुमेहींना हे दुखणं जास्त होतं. आणि पूर्वी मनाचा गंभीर आजार झाला असेल तर तासन् तास ध्यान लावायच्या प्रकारांपासून लांब राहा. अतिसरावानं भ्रम झालेल्यांची नोंद अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४च्या सूचीतही आहे. बारा मिनिटांच्या बादुआनजिननं सहसा असं काही होत नाही.

पुण्यात परतल्यावर रोजची बारा मिनिटं हाती लागेनात. आठवी हालचाल तेवढी टिकली. दूध तापत ठेवलं की ओट्याशी उभी राहून टाचा वर, श्वास, अलगद खाली. डोळे मिटले की बरं वाटतं. दूध दोनदा उतू गेलंय.