मूलभूत हक्क मागताना या चुका टाळा

घटनेचा आधार असूनही माणूस हात हलवत परत येतो, तेव्हा बहुतेकदा हक्क कमी पडलेला नसतो. तो चुकीच्या दारात किंवा वेळ निघून गेल्यावर मागितलेला असतो.

प्रत्येक अन्यायाला मूलभूत हक्कांचा भंग म्हणू नका. बिल्डरने ताबा दिला नाही, मालकाने पगार अडवला, भावाने वाटणी नाकारली. हे अन्याय खरेच आहेत, पण घटनेच्या तिसऱ्या भागातले, म्हणजे मूलभूत, हक्क बहुतेक शासनाविरुद्ध आहेत. म्हणजे सरकार, महापालिका, जिल्हा परिषद, सरकारी प्राधिकरणे. बिल्डरसाठी महारेरा (बांधकाम प्रकल्पांवरचे नियामक प्राधिकरण) किंवा ग्राहक आयोग गाठा, वाटणीसाठी दिवाणी न्यायालय. अस्पृश्यता (अनुच्छेद 17) आणि वेठबिगार (23) यांची बंदी मात्र खासगी माणसालाही लागू आहे, हे विसरू नका.

मालमत्तेचा हक्क मूलभूत समजू नका. 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून गेला. आता तो अनुच्छेद 300-अ खाली आहे. त्यासाठी उच्च न्यायालयात जाता येते.

'बोलायचं स्वातंत्र्य आहे' एवढ्यावर थांबू नका, आणि घाबरून पोस्टही लगेच काढू नका. बदनामी, चिथावणी, सार्वजनिक सुव्यवस्था अशी निर्बंधांची ठरलेली कारणे अनुच्छेद 19(2) मध्ये दिली आहेत. एखाद्या पुढाऱ्याला राग आला, हे त्यात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-अ सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच रद्द केले. त्या कलमाचा धाक कुणी घातला तर वकिलाला दाखवा.

अटकेच्या वेळी होणारी चूक सर्वांत महाग पडते. 'जरा चौकशीला या' असा फोन आला की लोक एकटे, कुणाला न सांगता जातात. लेखी नोटीस मागा, घरच्यांना सांगून जा. अनुच्छेद 22 प्रमाणे अटकेचे कारण कळणे, वकिलाचा सल्ला घेणे आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाणे हा तुमचा हक्क आहे. खरी गोम 24 तास मोजायचे कधीपासून, यात असते. सकाळी नेलेल्या माणसाची अटक कागदावर रात्रीची दाखवली, तर मधले तास हिशेबातूनच जातात. म्हणून नेले त्या क्षणाची वेळ, गाडीचा नंबर आणि ठाण्याचे नाव घरच्यांनी लिहून ठेवावे, वकिलाला मेसेज करावा. त्या मेसेजवरची वेळ पुढे कामी येते. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते, आणि तुमचीही. सही करण्याआधी त्यावरची तारीख आणि वेळ वाचा. कोऱ्या कागदावर सही कधीच नको. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही (अनुच्छेद 20(3)).

कोर्टात दंडाधिकारी विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' आणि थकलेला, भेदरलेला माणूस 'नाही' म्हणतो. इथेच सगळे हातचे जाते. मारहाण झाली असेल, वकील भेटू दिला नसेल, तर तिथेच सांगा आणि ते रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) नोंदवायची विनंती करा. वकिलाला द्यायला पैसे नसतील तरी अडत नाही. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा.

थेट दिल्ली गाठायची घाई करू नका. डॉ. आंबेडकरांनी ज्याला घटनेचा आत्मा म्हटले, तो अनुच्छेद 32 सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडतो. पण आधी उच्च न्यायालयात का गेला नाहीत, हा प्रश्न तिथे अनेकदा विचारला जातो. उच्च न्यायालयात जाण्याच्या अनुच्छेद 226 ची व्याप्ती उलट मोठी आहे, आणि महाराष्ट्रात मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि 2025 पासून कोल्हापूरलाही सोय आहे. कुणी बेकायदा डांबून ठेवले असेल तर बंदी प्रत्यक्षीकरणाच्या (डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणाऱ्या) याचिकेसाठी एक दिवसही थांबू नका. इतर बाबतींत आधी संबंधित कार्यालयाला लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.