सुपरहिरोचा मृत्यू कसा वाचावा

अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्स नव्याने वाचू लागलेला वाचक बहुधा एखाद्या मृत्यूपाशी पहिल्यांदा दुखावला जातो. आवडते पात्र डोळ्यांदेखत मरते, त्याच्यासाठी जीव हळहळतो, आणि पुढच्या खंडात तेच पात्र धडधाकट उभे पाहून आपले दुःख वाया गेले असे वाटते. काय पाहायचे हे ठाऊक असेल तर ते दुःख वाया जात नाही, आणि त्यासाठी मृत्यूचा अंक थोड्या निराळ्या तयारीने हाती घ्यावा लागतो.

सर्वांत आधी पात्र कोणाच्या मालकीचे आहे ते लक्षात घ्यावे. सुपरमॅन १९३८ पासून चालू आहे. त्याचे लेखक आणि चित्रकार अनेकदा बदलले, पण पात्र डीसी या कंपनीचेच राहिले. कादंबरीकार आपल्या नायकाला मारून कथा कायमची संपवू शकतो. इथे लेखकाच्या हाती फक्त काही वर्षांचा तुकडा असतो आणि कथा संपवण्याचा अधिकार त्याला नसतो. म्हातारपण, निवृत्ती यांसारख्या, माणसाच्या आयुष्याला आकार देणाऱ्या घटना अशा नायकाच्या वाट्याला सहसा येत नाहीत, कारण त्यांतून मागे फिरणे अवघड असते. मृत्यूतून मात्र मागे फिरता येते, आणि म्हणूनच या कथांत तो वारंवार येतो. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेल्या वेताळाची सोय वेगळी होती: तिथे बाप मरतो, मुलगा मुखवटा चढवतो, आणि जगाला वेताळ अमर वाटतो. सुपरमॅनच्या बाबतीत मुखवट्यामागचा माणूसच वाचकाला हवा असल्यामुळे तो मार्ग फार काळ चालत नाही.

सरावासाठी १९९२ मधील सुपरमॅनचा मृत्यू घ्यावा, कारण त्यामागची कारणे उघड आहेत. लेखकांना क्लार्क (सुपरमॅनचे माणसांत वावरतानाचे नाव) आणि त्याची प्रेयसी लोइस यांचे लग्न लावायचे होते. परंतु त्याच जोडीवर दूरचित्रवाणी मालिका येऊ घातली होती, म्हणून लग्न लांबणीवर टाकावे लागले आणि वर्षभराच्या कथेत मोठी पोकळी पडली. नियोजनाच्या बैठकांत लेखकांपैकी जेरी ऑर्डवे हे ‘त्याला मारूनच टाकू या’ असे गमतीने म्हणत असत. त्या वेळी ती सूचना गांभीर्याने घेतली गेली. नोव्हेंबर १९९२ मध्ये आलेला ‘सुपरमॅन’चा ७५ वा अंक काळ्या पिशवीत, आत शोकाची काळी फीत घालून विकला गेला, आणि पुढे भाव येईल या आशेने लोकांनी एकाच अंकाच्या अनेक प्रती घेतल्या. विक्रीचा हेतू होताच, तो नाकारण्याचे कारण नाही. पण तेवढेच पाहून अंक बाजूला ठेवू नये.

ज्या लढाईत सुपरमॅन मरतो तिचे शेवटचे चार अंक क्रमाने समोर ठेवून पानावरच्या चौकटी मोजाव्यात. पहिल्यात प्रत्येक पानावर चार चौकटी, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात दोन, आणि डॅन जर्गन्स यांनी लिहिलेल्या व रेखाटलेल्या ७५ व्या अंकात एका पानावर एकच चित्र. वाचकाच्या नकळत श्वास आखडत जातो तो या मांडणीमुळे. त्यानंतरचे अंत्यविधीचे अंक तर मृत्यूपेक्षाही सावकाश वाचावेत, कारण या कथेचा खरा जीव तिथे आहे. सारे शहर सुपरमॅनसाठी रडत असते, पण क्लार्कच्या आईवडिलांना आपल्याच मुलाची अंत्ययात्रा दूरचित्रवाणीवर पाहावी लागते, कारण तो आपला मुलगा होता हे त्यांना कोणाला सांगता येत नाही. आणि लोइसलाही जगासमोर क्लार्क केवळ बेपत्ता आहे असेच भासवावे लागते. ‘हा परत येणार का’ या प्रश्नाऐवजी ‘याची रिकामी जागा कोण आणि कशी सोसतो’ हा प्रश्न वाचकाने विचारावा, असे मला मनापासून वाटते.

पुनरागमन तपासताना, ते आधीच्या मृत्यूला उत्तर देते की त्याला पुसून टाकते, हे पाहावे. बॅटमॅनचा तरुण साथीदार रॉबिन; त्या नावाचा दुसरा धारक जेसन टॉड याला १९८८ मध्ये वाचकांच्या दूरध्वनी-मतदानाने मारले. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ आणि जगण्याच्या बाजूने ५,२७१ मते पडली. २००५ मध्ये तो परतला तेव्हा तो जिवंत झाला कसा याचे स्पष्टीकरण फार तकलादू होते, परंतु ‘माझ्या खुन्याला तू जिवंत का ठेवलेस’ हा त्याचा बॅटमॅनला केलेला सवाल त्या मृत्यूतूनच निघालेला होता. याउलट ‘एक्स-मेन’ या मालिकेतील नायिका जीन ग्रेने वस्ती असलेला अख्खा ग्रह नष्ट केला, आणि त्याचे मोल तिने प्राण देऊनच चुकवले पाहिजे असा संपादक जिम शूटर यांचा आग्रह असल्याने १९८० मध्ये ती मेली. पुढे तिला परत आणताना ते कृत्य तिचे नव्हतेच, तिचे रूप घेतलेल्या शक्तीचे होते, असे ठरवले गेले. त्यामुळे एका थोर शोकांतिकेचे मोल कमी झाले, असे माझे मत आहे.

कोण मेलेला राहील याचा अंदाजही बांधता येतो. स्पायडरमॅनचे बेनकाका किंवा बॅटमॅनचे आईवडील मुख्य कथेत परतत नाहीत, कारण त्यांच्या मृत्यूतूनच नायक घडला आहे. डीसीची प्रतिस्पर्धी कंपनी मार्व्हल हिचा कॅप्टन मार्व्हल हा नायक १९८२ मध्ये कर्करोगाने गेला. ज्याच्याशी मुठीने लढता येत नाही अशा मरणाला त्यानंतरच्या लेखकांनी बहुतांशी हात लावला नाही, म्हणजे ते उलटवले नाही. मात्र ज्याच्या नावाने मासिक निघते त्याचा मृत्यू बहुधा रजेसारखा असतो. २००७ मध्ये कॅप्टन अमेरिकाला न्यायालयाच्या पायऱ्यांवर गोळ्या घातल्या गेल्या, तरी मासिक चालूच राहिले आणि त्याची ढाल त्याचा जुना साथीदार बकी याने उचलली; अशा वेळी नवा माणूस ती ढाल कोणत्या संकोचाने पेलतो, हेच वाचण्यासारखे असते.

एक शेवटची सूचना आहे. आज हे सारे खंड एकाच वेळी विकत मिळतात आणि एका रविवारात वाचून होतात. १९९३ मधील वाचकांना मात्र अंत्यविधीनंतर काही आठवडे सुपरमॅनचे मासिक मिळालेच नव्हते. म्हणून अंत्यविधीचा भाग संपल्यावर पुढचा खंड फडताळात ठेवावा आणि महिनाभर तरी उघडू नये.