खाडीतला प्लवकांचा बहर वर्षानुवर्षं कसा बदलला, हे डेटातून कसं शोधायचं

प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, त्या एकदम खूप वाढल्या की तो बहर. एखाद्या वर्षी त्याने पाणी हिरवं दिसलं की लगेच प्रदूषण वाढलं म्हणू नका, आधी वीस-तीस वर्षांचे आकडे बघा. सरावाला अमेरिकेतली सॅन फ्रान्सिस्को बे ही खाडी घ्या, तिथे यूएसजीएसवाले (अमेरिकेची सरकारी भूवैज्ञानिक संस्था) 1969 पासून बोटीने फिरून मोजतायत आणि सगळा डेटा फुकट डाउनलोड होतो.

आधी एकच स्टेशन, म्हणजे मोजणीची ठरलेली जागा निवडा, वरच्या दोन-तीन मीटरचं क्लोरोफिल (प्लवकांचा हिरवा रंग, त्यावरून ते किती आहेत ते कळतं) घ्या आणि महिन्याचा मीडियन, म्हणजे ओळीने लावल्यावर मधला येणारा आकडा काढा, सरासरी नको, एका मोठ्या बहराने ती फुगते. मग मार्चची तुलना मार्चशीच, सप्टेंबरची सप्टेंबरशी. वर्षाचा एकच आकडा काढलात तर खरी गोष्ट हातातून जाते, कारण दक्षिण भागात पूर्वी मोठा बहर फक्त वसंतात यायचा आणि 1999 नंतर शरदातही यायला लागला! मधे काही वर्षांचे गॅप आहेत, ते रिकामेच ठेवा, अंदाजाने भरू नका.

आता कारण. सगळे आधी खतं-सांडपाण्याकडे धावतात, पण प्लवकांना खाणारे कोण आहेत तेही बघायलाच हवं, मला तर हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. उत्तरेच्या सुइसन बेमध्ये 1986 ला आशियातली एक छोटी शिंपली सापडली, बहुतेक जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखायला जहाजात भरतात ते) आलेली, तिने पाणी गाळून इतके प्लवक खाल्ले की 1987 पासून उन्हाळी बहर जवळपास गायबच झाला. दक्षिणेत बरोब्बर उलटं, समुद्र थंड झाला, खेकडे, कोळंबी, चपटे मासे वाढले, त्यांनी शिंपल्या खाल्ल्या आणि प्लवक सुटले.

भरतीची नोंदही जोडा. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला पाणी कमी घुसळतं, वर गोडं खाली खारं असे थर राहतात आणि प्लवकांना वर उजेड मिळतो, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आलं की सगळं ढवळून निघतं. म्हणून एक नमुना भांगाचा आणि पुढचा उधाणाचा असला तर फरक भरतीचाही असू शकतो, तो बदल समजून फसू नका. सॅटेलाइटने पाण्याच्या रंगावरून काढलेल्या क्लोरोफिलवरही पूर्ण विसंबू नका, खाडीतला गाळ त्याला चकवतो.

हेच गोव्यातल्या मांडवी-झुआरी नद्यांच्या खाड्यांना करायचं असेल तर महिने तिथल्या पावसाप्रमाणे पाडा, जून ते सप्टेंबर वेगळा गट ठेवा, तेव्हा पाणी गोडं आणि गढूळ असतं, ते आकडे मार्च-एप्रिलच्या खाऱ्या पाण्यात मिसळले तर काहीच कळणार नाही.