ग्रीन कार्डच्या मुलाखतीला जोडीदाराशिवाय जाताय? या चुका टाळा

नवरा कामासाठी दुसऱ्या राज्यात आणि मुलाखतीचं पत्र हातात. इतके महिने वाट पाहून मिळालेली तारीख सोडवत नाही, म्हणून ‘मी एकटीच जाऊन येते’ असं अनेकजणी ठरवतात. घाई समजते, पण आधी ते पत्र पूर्ण वाचा.

पत्र न वाचणं हीच सगळ्यात मोठी चूक. यूएससीआयएसची, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन खात्याची, प्रत्येक अपॉइंटमेंट सारखी नसते. बोटांचे ठसे आणि फोटो यांसाठी ज्याच्या नावाचं पत्र, त्यानेच जायचं; जोडीने जाण्याची गरज नाही. मात्र लग्नाच्या आधारावर आय-४८५ (अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागण्याचा अर्ज) भरला असेल, तर मुलाखतीला नवऱ्याने किंवा बायकोने सोबत यावं, असं पत्रातच छापलेलं असतं. लग्न खरं आहे का, हेच अधिकाऱ्याला पाहायचं असतं. एकट्याने गेलात तर मुलाखत अर्धवट राहून प्रकरण लांबू शकतं.

मुंबईत उलट. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत इमिग्रंट व्हिसाची मुलाखत असेल, तर अर्ज करणारा अमेरिकेतला जोडीदार हजर असण्याची अट नाही. त्याने सही केलेला आय-८६४ (आर्थिक जबाबदारी घेतल्याचं हमीपत्र) आणि उत्पन्नाचे कागद मात्र हवेत.

दुसरी चूक म्हणजे न कळवता गैरहजर राहणं. मग अर्ज सोडून दिला असं धरून तो फेटाळला जाऊ शकतो. जोडीदाराला यायला जमणार नसेल, तर पत्रात दिलेल्या पद्धतीने आधीच तारीख बदलून मागा, कारणाचा पुरावा जोडा, विनंतीची प्रत जपून ठेवा. नवी तारीख लेखी हातात येईपर्यंत जुनीच कायम समजा. त्याच दिवशी सकाळी तो आजारी पडला, तर घरी बसू नका. डॉक्टरांचं पत्र घेऊन तुम्ही वेळेवर पोहोचा आणि काय झालं ते सांगा.

नावांचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. पासपोर्टवर वडिलांचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर नवऱ्याचं, आणि काही घरांत तर मुलीचं पहिलं नावही बदललेलं. हे समजावायला जोडीदार शेजारी असेलच असं नाही. नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर मूळ प्रतीसह न्या. दाखला फक्त मराठीत असेल, तर भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रासह पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. संसार मोडला असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर ‘नवरा दौऱ्यावर आहे’ असं सांगू नका. महत्त्वाच्या बाबतीत दिलेली खोटी माहिती पुढची दारं कायमची बंद करू शकते. छळ करणारा जोडीदार अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर ग्रीन कार्डच्या वाटेवरचा आय-३६० हा अर्ज स्वतःच्या नावाने करता येतो. त्याची संमती लागत नाही, सहीही नाही. पुरुषांनाही हा मार्ग खुला आहे. दोन वर्षांचं सशर्त कार्ड असेल तर त्याच्या अटी काढून घेण्याचा आय-७५१ हा अर्ज एरवी दोघांनी मिळून भरायचा असतो, पण घटस्फोट किंवा छळ झाला असेल तर सूट मागून एकट्यानेही भरता येतो. अशा वेळी मुलाखतीच्या आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा, आणि भेटायला जाताना नवऱ्याला सोबत नेऊ नका.