थायलंडला इंग्रजी शिकवायला निघालेल्या विदर्भातल्या मास्तर-मॅडमसाठी

बी.एड. झालं, टीईटी झाली, भरतीची वाट पाहून वर्षं गेली आणि संस्थेच्या शाळेत लागायला द्यायचे पैसे घरात नाहीत. यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, गडचिरोलीकडची अशी बरीच पोरं-पोरी आता थायलंडकडे बघतात. तिथल्या सरकारी आणि खाजगी शाळांना इंग्रजीचे परदेशी शिक्षक लागतात आणि फिलिपिनो, आफ्रिकी शिक्षकांसोबत भारतीयही तिथे टिकून आहेत. पण तिकडे गेलेल्यांची अडचण बहुतेक वेळा शिकवण्यात होत नाही, कागदांत होते. तो कागद तालुक्याला किंवा विद्यापीठात पडलेला असतो आणि माणूस अडीच हजार किलोमीटरवर. म्हणून घरून निघण्याआधीची कामं सगळ्यात महत्त्वाची.

गाव सोडण्याआधी

पहिला प्रश्न: तुमच्याकडे पदवीचं प्रमाणपत्र आहे का? आपल्याकडे बहुतेकांकडे फक्त गुणपत्रिका असतात. दीक्षांत समारंभाचा अर्ज कोणी भरलेलाच नसतो. थायलंडची शिक्षक परिषद, जिला तिथे खुरुसफा म्हणतात, पदवी प्रमाणपत्र आणि सगळ्या सत्रांचा एकत्रित ट्रान्स्क्रिप्ट दोन्ही मागते. अमरावती, नागपूर किंवा गोंडवाना, ज्या विद्यापीठाचे तुम्ही असाल तिथे दोन्हींसाठी आजच अर्ज टाका. याला आठवडे नाही, महिने लागू शकतात.

मग नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि कधी आईचंही नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्न झालेल्या मुलींच्या पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. तिथला अधिकारी अक्षर न् अक्षर जुळवतो. फरक असेल तर राजपत्रातली नोंद, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र, असा संच करून ठेवा. पासपोर्ट काढताना दहावीची गुणपत्रिका जोडायला विसरू नका. ती नसली तर पासपोर्टवर ‘ईसीआर’ शिक्का पडतो, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जायला सरकारची परवानगी लागते, आणि थायलंड त्या यादीतला देश असल्यामुळे नोकरीसाठी निघताना इमिग्रेशनला अडवतात.

पदवीवर शिक्के चढत्या क्रमाने घ्यायचे: आधी विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय. त्यापुढे थाई दूतावासाचा शिक्का लागतो का, हे शाळेकडून लेखी विचारून घ्या. मधली पायरी गाळली की कागद परत येतो. पोलीस क्लिअरन्सचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर होतो, पण तपासणी तुमच्याच ठाण्यातून होते. शिपाई येईल तेव्हा घरी असा आणि पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवा. हा दाखला फार लवकर काढू नका, जुना झाला की शाळा नवा मागते.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्याकडून शाळा टोईक किंवा आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षांचा स्कोअर मागतात. टोईकचा ६०० किंवा त्याहून जास्त धरून तयारी करा. सर्टिफिकेट दोन वर्षांनी जुनं धरलं जातं.

सातबारा तुमच्या नावावर असेल तर वडिलांच्या किंवा भावाच्या नावे मुखत्यारपत्र नोंदवून जा. पीककर्ज, ई-पीक पाहणी, नुकसानीचे पंचनामे यातलं काहीच तुमच्यासाठी थांबणार नाही. भारतातलं सिम बंद होऊ देऊ नका, बँकेचे सगळे ओटीपी त्यावरच येतात. आणि पैसे घरी पाठवायचे तर पतसंस्थेतलं खातं कामाचं नाही. तालुक्याच्या राष्ट्रीयीकृत बँकेत एनआरई (परदेशातली कमाई ठेवायचं) खातं उघडा, जुनं बचत खातं एनआरओ (भारतातल्या उत्पन्नासाठीचं) करून घ्या. परदेशी नोकरीला गेल्यावर साधं बचत खातं तसंच चालवणं फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही.

व्हिसा

इथे एकच गोष्ट ठासून सांगायची आहे: ‘आधी पर्यटक म्हणून या, मग बघू’ असं म्हणणाऱ्या एजंटाच्या मागे जाऊ नका. पर्यटक म्हणून शिकवणं तिथे गुन्हा आहे. पकडलं तर दंड, हद्दपारी आणि पुन्हा प्रवेशबंदी शिक्षकाला, एजंटाला काही नाही.

सरळ वाट अशी. शाळा नेमणूक देते आणि तिच्या परवान्यासह आमंत्रणाची कागदपत्रं पाठवते. त्यावर तुम्ही ‘नॉन-इमिग्रंट बी’ या नोकरीच्या व्हिसाचा अर्ज ऑनलाइन करता. विमानाच्या आधीच्या तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं, ते फुकट आहे, पैसे मागणारी वेबसाइट खोटी. उतरल्यावर ९० दिवस मिळतात. तेवढ्यात खुरुसफाची तात्पुरती परवानगी आणि वर्क परमिट होऊन इमिग्रेशनमध्ये मुक्काम वाढवून घ्यायचा असतो, बहुतेक एक वर्षाचा. फी १,९०० बाट (थायलंडचं चलन). शाळेचा कारकून ‘होईल, होईल’ म्हणत बसला तर पन्नासाव्या दिवसापासून रोज विचारा. मुदत उलटली तर दंड रोजचा ५०० बाट आहे आणि तो शाळा भरत नाही.

त्यानंतर तीन गोष्टी कायम लक्षात ठेवा. घरमालकाने तुमची नोंद २४ तासांत इमिग्रेशनच्या टीएम ३० फॉर्मवर करायची असते. नवीन खोली घेताना ‘टीएम ३० करणार ना?’ हे भाड्याच्या आधी विचारा, कारण त्या पावतीशिवाय पुढची कामं अडतात. दर ९० दिवसांनी पत्त्याचा रिपोर्ट द्यायचा: आधीचे १५ आणि नंतरचे ७ दिवस चालतात, त्यापुढे २,००० बाट दंड. आणि दिवाळीला किंवा घरच्या लग्नाला गावी येताना री-एंट्री परमिट (परत येण्याची परवानगी) काढूनच देश सोडा. एका वेळेचं १,००० बाटला मिळतं. ते न काढता विमानात बसलात की वर्षभराचा मुक्काम तिथेच रद्द होतो, आणि सगळं परत पहिल्यापासून.

फसवणुकीबद्दल एक इशारा. ‘थायलंडमध्ये डेटा एंट्री, पगार मोठा, तिकीट आमचं’ अशा जाहिरातींतून आपल्या देशातली पोरं ताक प्रांतातल्या माय सोतच्या सीमेवरून म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेली गेली आहेत. शाळेचं नाव, पत्ता आणि मुख्याध्यापकांशी व्हिडिओ कॉल हे तिन्ही नसेल तर निघूच नका. विमानतळावर घ्यायला आलेली गाडी शाळेच्या प्रांताऐवजी ताक प्रांताकडे वळली तर गर्दीच्या जागी उतरा आणि १९१ ला फोन लावा. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, तिथे इंग्रजी बोलतात.

करारात काय बघायचं

पगाराचा आकडा शेवटी बघा. आधी बघा की वर्षात महिने किती मिळतात. शाळा मेच्या मध्यापासून मार्चपर्यंत चालते आणि ऑक्टोबरमध्ये सत्रांमधली सुटी असते. एजन्सीमार्फत गेलेल्यांना बऱ्याचदा दहाच महिने पगार मिळतो, एप्रिल कोरडा जातो. वर्क परमिट आणि मुक्कामवाढीचा खर्च कोणाचा, आठवड्याला तास किती (सोळा ते बावीस ठीक, पंचवीसच्या वर गेले की घसा जातो), आणि करार मोडला तर दंड कोणाला, हे लेखी घ्या. भारतीयांना गावाकडच्या शाळा साधारण २०,००० ते ३०,००० बाट देतात. ‘फक्त नेटिव्ह’ (इंग्रजी मातृभाषा असलेलेच) असं लिहिलेल्या जाहिराती दिसतील. हा भेद अन्यायाचा आहे, पण त्याच्याशी भांडण्यात वेळ घालवू नका. डेमो तास मागा. चांगला डेमो झाला की मुख्याध्यापक मत बदलतात.

जिल्ह्याच्या गावात खोली ३,००० ते ५,००० बाटला मिळते, अनामत एक-दोन महिन्यांची. विजेचा दर घरमालक स्वतः लावतो, युनिटला ७-८ बाट नेहमीचेच. एसी लावण्याआधी विचारून घ्या. पहिला पगार महिनाअखेरीला हातात पडेपर्यंत अनामत, कागद, कपडे सगळं खिशातून जातं. ४०,००० बाटच्या खाली घेऊन जाऊ नका.

वर्गात

चाळीस-पंचेचाळीस पोट्टे, पन्नास मिनिटं, वर पंखे, बाहेर पावसाळी दमट हवा. इथवर आपल्याकडच्या झेडपीच्या शाळेसारखंच. फरक हा की तुमचं थाई शून्य आणि मुलांचं इंग्रजी जेमतेम. समजावून सांगण्याची आपली सवय तिथे कामाची नाही. व्याकरणाचा नियम फळ्यावर लिहिला की वर्ग संपला समजा.

आपल्या उच्चाराचं काम निघण्याआधी आरशासमोर करा. आपण ‘पेन’, ‘टेन’, ‘कॅट’ म्हणताना सुरुवातीच्या प, ट, क वर श्वास सोडत नाही. इंग्रजीत तिथे श्वासाचा झोत असतो. थाई कान हा झोत नेमका पकडतो, कारण त्यांच्या भाषेत झोत असला-नसला की अक्षरच बदलतं. म्हणून मराठी वळणाचं ‘पेन’ त्यांना ‘बेन’च्या जवळचं ऐकू येतं. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरा, ‘पेन’ म्हणताना ती हलली पाहिजे. दुसरं, ‘व’. ‘व्हेरी’ला वरचे दात खालच्या ओठावर, ‘वेट’ला ओठ गोल. मराठीत आपण दोन्ही एकच करतो आणि थाईत व्हीचा आवाजच नाही. तुम्ही चुकलात तर चाळीस मुलं तशीच शिकतील.

मुलांची मुख्य अडचण शब्दाच्या शेवटी. थाईत शब्दाअखेर मोजकेच आवाज येतात, त्यामुळे ‘राइस’, ‘राइड’, ‘राइट’ तिन्हींचं ‘राय’ होतं. तीन चित्रं लावा: भात, सायकलवरचं पोर, बरोबरची खूण. आधी तुम्ही ओठ वहीमागे झाकून म्हणा, मुलं फक्त बोट दाखवतील. कान तयार झाल्याशिवाय तोंडाकडे जाऊ नका. मग तीच कागदाची पट्टी मुलांच्या हातात द्या: शेवटच्या ‘ट’ला टोक उडतं, ‘स’ला थरथरत राहतं. शेवटी जोड्या, एकाने म्हणायचं, दुसऱ्याने चित्र उचलायचं. वीस मिनिटं जातात, पण पुढच्या महिन्यात अनेकवचनाचा ‘एस’ आपोआप ऐकू यायला लागतो.

हाक मारायला मुलांची टोपणनावं वापरतात, खरी नावं लांबलचक असतात. वर्गशिक्षिकेकडून पहिल्याच दिवशी यादी घ्या. नापास करण्याची पद्धत जवळपास नाही, पुन्हा परीक्षा घेऊन पास करतात. यावर वाद घालू नका. निरोप सगळे ‘लाइन’ ॲपवर येतात, व्हॉट्सॲपवर नाही. उद्या शाळा नाही हेही रात्री नऊला तिथेच कळतं, तेही थाईत.

वागणं-बोलणं

सकाळी आठला झेंडा आणि राष्ट्रगीत, संध्याकाळी सहाला बाजारातही, जिथे असाल तिथे उभे राहा. मुलं हात जोडून नमस्कार करतात. त्याला उत्तर द्या, पण लहानांना स्वतःहून आधी करू नका. आपल्याकडे कौतुकाने लेकराच्या डोक्यावरून हात फिरवतात, तिथे डोक्याला हात लावत नाहीत. पायाने वस्तू सरकवणं, कोणाकडे तळवे करून बसणं अपमान समजतात. आणि आवाज! आपला वऱ्हाडी मोकळा, वरच्या पट्टीतला आवाज त्यांना रागाचा वाटतो. भर वर्गात कुणाला झापलं की तो मुलगा वर्षभर तोंड उघडत नाही.

राजघराण्याविषयी चांगलं-वाईट काही बोलू नका, स्टेटसवर तर नाहीच. कलम ११२ खाली एका आरोपाला ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे. सोमवारी बऱ्याच शाळांत पिवळा शर्ट घालतात, एक घेऊन ठेवा.

विदर्भातल्या बौद्ध घरांतून जाणाऱ्यांना एक गोष्ट जवळची वाटेल. परिपाठात ‘नमो तस्स भगवतो’ ऐकू येतं, तेच पाली, फक्त सूर वेगळा. विहारात सगळ्यांसोबत बसा, ओळखी तिथेच होतात. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, वस्तू थेट हातात द्यायची नाही, एवढं पाळा.

खाणं आणि सामान

शाकाहाऱ्यांनी ‘खाणार नाही’ची यादी सांगण्यापेक्षा ‘किन जे’ (कडक शाकाहारी खातो) म्हणावं. पिवळ्यावर लाल अक्षरांत ‘जे’ची पाटी असलेल्या दुकानात मासळीचं पाणीही घालत नाहीत, पण लसूण-कांदाही नसतो. इतरत्र भाजीच्या ताटलीतही फिश सॉस असतो. सोललेली मूगडाळ, हळद, शेंगदाणे, तिखट मिरची कुठेही मिळते. तुरीची डाळ बँकॉकच्या फाहुरात भागात जाऊन आणावी लागते. लाल अंबाडीचं तिथे सरबत करतात. पाला हवा असेल तर आठवडी बाजारात भाजीवालीला बोंड दाखवून मागा, भाजी जमते. ज्वारीचं पीठ गावाकडूनच न्यावं लागतं, पॅकबंद. बियाणं, रोपं, ताजी फळं नेऊ नका.

खोलीत गॅसला बहुधा परवानगी नसते, म्हणून इंडक्शनवर चालणारा कुकर न्या. आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, ॲडॅप्टर घ्या, व्होल्टेज तेच आहे. खर्रा गावातच सोडून जा: शाळेच्या आवारात तंबाखूला जागा नाही, आणि थुंकणारा मास्तर कोणी ठेवत नाही. ई-सिगारेट तर कायद्यानेच बंद आहे.

गाडी डाव्या बाजूनेच चालते, तरी दुचाकीला हात लावण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढलेला हवा, त्यावर दुचाकीचा शिक्का बघून घ्या. परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. रुग्णवाहिकेचा नंबर १६६९.

शाळा बदलायची असेल तर राजीनाम्याआधी नवीन शाळेचं पत्र हातात घ्या. तुमचा मुक्काम जुन्या नोकरीला बांधलेला असतो आणि नोकरी संपली की तोही संपतो. जुन्या शाळेकडून नोकरी संपल्याचं पत्र आणि वर्क परमिट रद्द केल्याचा कागद मागून घ्या, आणि नवीन शाळेच्या कारकुनाला घेऊन त्याच आठवड्यात इमिग्रेशनला जा.